पत्रिकेतले निमंत्रक

सर खडू मधोमध मोडायचे. एक तुकडा टेबलाच्या या टोकाला ठेवायचे, दुसरा त्या टोकाला, आणि मध्ये डस्टर आडवं टाकायचे. "हा एक देश, हा दुसरा देश, आणि मधी हा धुरा," असं म्हणून चष्मा काढून वर्गाकडं बघायचे. धुरा म्हणजे दोन वावरांमधला बांध. तो पोरांना समजावून सांगावा लागत नसे. वर्गातल्या प्रत्येकाच्या घरी धुऱ्याचं एक तरी भांडण होतंच.

मी परभणीच्या त्या कॉलेजात ग्रंथपाल. राज्यशास्त्राचा वर्ग आणि माझं ग्रंथालय यांच्यामध्ये प्लायवूडची भिंत, त्यामुळं आंतरराष्ट्रीय राजकारण मी अठरा वर्षं फुकट ऐकलं. आज मला कुणी उठवून परीक्षेला बसवलं तरी मी पास होईन.

सरांचं म्हणणं असं की देश चांगला नसतो आणि वाईटही नसतो. ज्या गावात पोलीस पाटील नाही, तिथं प्रत्येक जण दाराआड काठी ठेवणारच. एकाची काठी दिसली की दुसरा कुऱ्हाड आणतो, आणि मग पहिल्याला वाटतं, बरं झालं आपण काठी ठेवली होती. अमेरिका असो, चीन असो की आपण असू, सगळे असेच वागणार. शेवटी ठरलेलं वाक्य यायचं, "यात व्यक्तीचा दोष नसतो. व्यवस्था करायला लावते."

या वाक्याची सरांना फार सोय होती, हे तुमच्याही लक्षात आलं असेल. ते तासाला उशिरा आले तरी व्यवस्था, माझी पुस्तकं दोन-दोन वर्षं परत केली नाहीत तरी व्यवस्था. स्टाफरूमच्या पंख्याच्या बटणाशेजारची खुर्ची त्यांनी एकदा धरली ती सोडलीच नाही. सोडली तर इतिहासवाले बसतील, आणि मग पंखा कुणाच्या मर्जीनं फिरणार? त्या इतिहासवाल्यांचा चहा ते सलग दोनदा कधी घेत नसत. माणूस मिंधा होतो म्हणे. प्राचार्यांना ते महासत्ता म्हणत, पण पाठीमागं.

अभ्यासक्रमातलं ते प्रकरण मात्र दोन भागांचं होतं. पहिला भाग, व्यवस्था राष्ट्रांना कशी घडवते. दुसरा भाग, राष्ट्रं व्यवस्थेला कशी घडवतात. मी भिंतीला कान लावून सांगते, अठरा वर्षांत दुसरा भाग एकदाही शिकवला गेला नाही. पहिला भाग संपला की सर म्हणायचे, "पुढचं सोपं आहे, घरी वाचा."

आता सरांच्या स्वतःच्या धुऱ्याचं सांगते. वालूरला त्यांचं वडिलोपार्जित वावर. वाटणी झाली तेव्हा अर्धं थोरल्या भावाला गेलं, अर्धं सरांना. थोरला गावी राहून कसणारा, सर नोकरीवाले, त्यामुळं सरांचाही तुकडा भाऊच बघायचा. सगळं सुरळीत चाललं होतं, आणि हेच सरांना खटकलं. आज भाऊ धुरा कोरत नाही, पण उद्या कोरला तर? म्हणून एका उन्हाळ्यात सरांनी माणसं लावून धुऱ्यावर तारेचं कुंपण ठोकलं. भावानं ते पाहिलं आणि आपल्या बाजूनं बाभळीचे फास, म्हणजे काटेरी फांद्या, टाकले. सरांनी मोजणीवाले आणले. भावानं वकील गाठला. मोजणीत निघालं काय, तर धुरा जिथल्या तिथं, हातभरसुद्धा हललेला नाही. पण तोवर दोन घरांचं जाणं-येणं बंद झालं होतं, आणि ते पुढं बारा वर्षं बंदच राहिलं.

"मी पहिलं काही केलं नाही मॅडम," सर मला सांगायचे. "मला धोका दिसला, मी बंदोबस्त केला. माझ्या जागी कुणीही असतं तरी हेच केलं असतं."

मी म्हणायचे, तुमच्या जागी मी असते तर भावाला विचारलं असतं. त्यावर सर हसायचे. तज्ज्ञ माणूस अडाण्याला हसतो ना, तसं. मला त्या हसण्याची भारी चीड यायची.

मग एका वर्षी भावाची पोरगी आमच्याच कॉलेजात आली. वालूरहून एसटीनं यायची, ग्रंथालयात डबा खायची, आणि पुस्तकं वेळेवर परत करायची, म्हणून माझी लाडकी. तिनं विषय घेतला राज्यशास्त्र. सर हजेरी घेताना सगळ्या वर्गाची नावं वाचायचे, तिचा मात्र नुसता रोल नंबर. नाव घ्यावं तर आडनाव स्वतःचंच. सख्खी पुतणी पुढच्या बाकावर बसून "हजर सर" म्हणायची आणि सर रजिस्टरमधून मान वर काढत नसत. सगळ्या वर्गाला माहीत होतं. पोरं अशा गोष्टी बघायला टपलेलीच असतात.

एक दिवस खडू मोडून झाला, डस्टर ठेवून झालं, ठरलेलं वाक्यही म्हणून झालं, आणि भिंतीपलीकडून तिचा आवाज आला. "सर, व्यवस्था देशांना घडवती म्हणलाव. मग व्यवस्थेला कोण घडवतंय?"

डस्टर दोनदा टेबलावर आपटल्याचं ऐकू आलं. मग सर म्हणाले, "तो पुढचा भाग आहे. घरी वाचा." आणि तास संपायला वीस मिनिटं असताना ते बाहेर पडले.

पोरीनं खरंच वाचलं. पुस्तक मीच काढून दिलं. सहामाही परीक्षेनंतर तिचा पेपर घेऊन सर माझ्याकडं आले. म्हणाले, बघा काय लिहिलंय. तिनं लिहिलं होतं, व्यवस्था म्हणजे वरून पडलेली वस्तू नाही. देश रोज जसे वागतात, त्याचीच व्यवस्था होते. सगळे घाबरून वागले तर ती भीतीची होते, आणि एकानं जरी वेगळं वागून दाखवलं तरी दुसऱ्याला वेगळं वागायला जागा मिळते. सरांनी तो परिच्छेद मला मोठ्यानं वाचून दाखवला, मग पुन्हा मनातल्या मनात वाचला. मार्क पूर्ण दिले होते. त्यांच्या तोंडावरून कौतुक ओसंडत होतं आणि त्यांना ते झाकता येत नव्हतं. त्या दिवशी मला ते आवडले, खोटं कशाला बोलू. पण पेपर घडी करून ते म्हणाले काय, तर "वय लहान आहे. आदर्शवाद आहे."

शेवटच्या वर्षाची परीक्षा झाली आणि तिचं लग्न ठरलं. पत्रिका द्यायला ती स्वतः आली. मला एक दिली, सरांच्या टेबलावर एक ठेवली, पाया पडली आणि गेली. सर पत्रिका घेऊन तडक माझ्याकडं. नवरीच्या हातानं कुठं आमंत्रण पाठवतात का? भावानं स्वतः यायला पाहिजे होतं, अक्षता घेऊन, दारात. कोणत्या दर्जाचा माणूस पाठवला यावरून समोरच्याचा हेतू कळत असतो. आज असं गेलो तर उद्या कुंपणही काढा म्हणतील.

मी पत्रिका उघडली. खाली निमंत्रकांची नावं होती. पहिलं नाव आजोबांचं, कैलासवासी. दुसरं वडिलांचं. आणि तिसरं, ठळक अक्षरात, पदवी-बिदवीसकट, सरांचं.

मी म्हणाले, "सर, तुम्ही तर यजमान आहात. यजमानाला आमंत्रण कोण देणार? तुम्हीच लोकांना बोलवायलात यात."

सरांनी चष्मा लावून ते नाव वाचलं. क्षणभर मला वाटलं, वितळले. पण विद्वान माणूस लवकर हार मानत नाही. "मला न विचारता छापलं," ते म्हणाले. "ही परस्पर घोषणा झाली. हे मी मान्य केलं असं होत नाही." माझ्या हातात तेव्हा जाडजूड शब्दकोश होता. तो मी कपाटात ठेवला, एवढंच सांगते.

लग्नाला मी गेले. वालूरच्या शाळेपुढं मांडव. मुहूर्त दुपारचा, ऊन मी म्हणत होतं. नवरा-नवरी उभी राहिली, अंतरपाट धरला, लोकांच्या मुठीत अक्षता आल्या, आणि सरांचा भाऊ मांडवाच्या तोंडाशी जाऊन रस्त्याकडं बघत उभा राहिला. उंच, वाळका माणूस, नवीन धोतर, फेट्याखालून घाम गळतोय. कुणी काही विचारलं की एकच सांगायचा, "दम धरा जरा. माझा भाऊ यायलाय."

दहा मिनिटं झाली, वीस झाली. एक एसटी आली, तिच्यातून दोन बाया उतरल्या. अंतरपाट धरणाऱ्यांचे हात अवघडले. वराकडचे कुरकुरायला लागले, नवऱ्याच्या मामानं तर सरळ सांगितलं की मुहूर्त टळायलाय, कुणाची वाट बघायची ती नंतर बघा. पोरगी मान खाली घालून उभी होती. अर्ध्या तासानं भाऊ मागं वळला. "टाका," म्हणाला. त्याच्या मुठीतल्या अक्षता मात्र त्यानं टाकल्या नाहीत. त्या तशाच उपरण्याच्या टोकाला बांधून ठेवल्या.

सोमवारी मी सरांना सगळं सांगितलं. ऐकून ते सवयीनं म्हणाले, "काय करणार मॅडम. व्यवस्थाच अशी—"

मी त्यांना पुढं बोलू दिलं नाही. "उन्हात व्यवस्था उभी नव्हती सर. तुमचा भाऊ उभा होता."

अठरा वर्षांत मी त्यांना असं बोलले नव्हते. आवाज भिंतीपलीकडं गेला असणार. सर उठले आणि निघून गेले. पुढं कॉलेज उघडल्यावर आठ-दहा दिवस खडू मोडल्याचा आवाज काही आला नाही. मुकाट्यानं नोट्स लिहून द्यायचे.

महिनाभरानं पोरगी माहेरी आल्याचं कळलं. सर माझ्या टेबलापाशी आले, बराच वेळ पुस्तकं वर-खाली केली आणि म्हणाले, रविवारी वालूरला जावं म्हणतो. तुम्ही चला. अशा वेळी तिसरा पक्ष लागतो. मला हसूही आलं आणि बरंही वाटलं. एसटीत ते सगळा वेळ मांडणी करत होते. तारेचं कुंपण स्वखर्चानं काढायचं, वावर पुन्हा भावाच्या हवाली करायचं, मागचा विषय काढायचा नाही. पोरीसाठी साडी घेतली होती. पिशवी मांडीवर घट्ट धरून बसले होते. पेढ्यांचा पुडा दोनदा उघडून बघितला.

भाऊ ओसरीवरच होता. सरांना बघून उठला, पायरी उतरून पुढं आला आणि हात जोडले. "या सर," म्हणाला.

लहानपणी ज्याला पाठीवर बसवून पोहायला शिकवलं, त्याला सर. शेजारून प्लास्टिकची खुर्ची आणवली, गमछ्यानं पुसली, सरांना तिच्यावर बसवलं. स्वतः खाली, भिंतीला टेकून. पाणी तांब्यात नाही, ग्लासात आलं. चहा ट्रेमधून, कपबशीत. प्रवास कसा झाला, परभणीकडं पाऊसपाणी काय म्हणतंय, सगळी विचारपूस रीतसर झाली. सर ज्याला राजशिष्टाचार म्हणायचे ना, तो शंभर टक्के पाळला गेला.

सर कसेबसे म्हणाले, "अण्णा, ती तार मी काढतो."

"काढा न्हाईतर ऱ्हाऊ द्या," अण्णा म्हणाले. "तुमची मर्जी. आमचं काही म्हणणं न्हाई."

त्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. रागाला उत्तर देता येतं. पोरगी येऊन पाया पडली तेव्हा सरांनी तिच्या डोक्यावर ठेवलेला हात बराच वेळ काढला नाही. तिला नावानं हाक मारली. तिचे डोळे भरले, माझेही. अण्णा तेवढ्यात आत गेले होते.

निघताना ते ताट घेऊन आले. माझी खणा-नारळानं ओटी भरली घरातल्या बाईनं. आणि अण्णांनी धाकट्या भावाला कुंकू लावलं, खांद्यावर कोरा टॉवेल टाकला, डोक्यावर पांढरी टोपी ठेवली, हातात नारळ दिला. सर नको नको म्हणत होते. अण्णा म्हणाले, "असं कसं सर. पाहुण्याला आमी रिकामं लावून देत न्हाईत."

परतीच्या एसटीत सर टोपी काढायचं विसरले. पुढच्याच वर्षी ते निवृत्त झाले आणि मुलाकडं पुण्याला गेले, पण मला ते आठवतात ते त्या एसटीतले. कंडक्टर गावाकडचा, बोलका. टॉवेल-टोपी बघून म्हणाला, "काय पाहुणे, कुणाकडं आला होता वालुरात?"

"मी इथलाच आहे," सर म्हणाले.

कंडक्टर हसला. "इथल्याला कोण टॉवेल-टोपी करतंय?" असं म्हणून त्यानं दोन तिकिटं फाडून माझ्या हातात दिली आणि पुढच्या सीटकडं गेला.