कान न धरता उठाबशा

आमच्या ग्राउंडवर काही घडलं नाही असा आठवडा गेला, तर आम्हालाच चुकल्यासारखं वाटतं. परवा शाळेतल्या मैत्रिणी भेटल्या. एकीनं विचारलं, "तू नक्की करतेस काय गं तिथे सुरतेत, उधन्याला?" मी एक किस्सा सांगायला गेले, त्याच्या मागून दुसरा आला, दुसऱ्याची शेपटी धरून तिसरा, आणि चहा गार झाला तरी माझं तोंड चालूच! तेव्हाच ठरवलं, हे आता लिहूनच काढायचं.

तर मी करते काय? मुलींच्या फुटबॉल टीमला ताकदीचा व्यायाम शिकवते. बॉलचं खातं राजूसरांकडे, ते आमचे मुख्य कोच. माझं खातं पायांचं, म्हणजे मुख्यतः स्क्वॉटचं. दोन पायांत खांद्यांइतकं अंतर ठेवायचं, छाती वर, टाचा जमिनीला घट्ट, कंबर मागे नेत खाली बसायचं आणि तसंच वर यायचं. गुडघे मात्र पायाच्या बोटांच्या दिशेलाच राहिले पाहिजेत, आत वळायला नकोत. सांगायला सोपं आहे, करताना पोरींना देव आठवतो!

या कामानं माझी नजर पार बिघडली आहे. लग्नात नवरा-नवरी पाया पडायला वाकले, तरी मी त्यांचे गुडघेच बघते.

*

पहिला दिवस. टीममध्ये बहुतेक नवागाम-दिंडोलीच्या खानदेशी पोरी, आईबाप कापडाच्या लूमवर नाहीतर साडीच्या कामात. गोलकीपर जिनल तेवढी गुजराती, पण मैत्रिणींमुळे मराठी फाडफाड बोलते. मी सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि जोरात म्हणाले, "चला, स्क्वॉट!"

कुणाला काही कळलं नाही. मग मी एकदा करून दाखवलं. "अच्छा, हे होय!" असा सगळ्यांचा चेहरा झाला, आणि अख्ख्या रांगेनं हात आडवे करून आपापले कान धरले!

मी बघतच राहिले. एकीनंही सोडले नाहीत. शाळेत ज्यांना ज्यांना ही गोष्ट करायला लागली होती, त्यांना ती कान धरूनच करायला लागली होती. आणि जिनल अगदी रडवेली होऊन विचारते, "मॅडम, पण आमी केला काय?"

तेवढ्यात कंपाउंडच्या भिंतीवरून आवाज आला, "मनी आंडेरनं काय चुकनं मॅडम? कसाले उठाबशा काढी राह्यनी ती?"

त्या सुनंदाताई. आमची स्ट्रायकर मयूरी ही त्यांची आंडेर, म्हणजे लेक. घरी बसून साड्यांना टिक्या, म्हणजे चमकत्या टिकल्या, लावतात, आणि पोरीवर त्यांची नजर त्या टिकीइतकीच बारीक. गेल्या सीझनला मयूरी हेडिंग करून खाली आली ती गुडघा आत वळवून, आणि बरेच आठवडे लंगडत शाळेत गेली. त्या दिवसापासून सुनंदाताईंचा फुटबॉलवर राग. हा एक सीझन मयूरीनं रडून मागून घेतला होता. सुनंदाताईंनी मला त्या भिंतीवरूनच बजावलं, "परत गुडघा धरीसन घर उनी ना, ते फुटबॉल बंद! फायनल व्हई जाऊ द्या, मंग सांगसू काय ते."

आणि मयूरी म्हणजे काय पोरगी आहे सांगू! बॉल हवेत असला की तिला जमीन दिसतच नाही. ती फुटबॉल सोडून घरात बसली आहे हे चित्र मला डोळ्यासमोर आणवेना. म्हणून तिचा गुडघा हा त्या दिवसापासून माझा गुडघा झाला.

*

पण तो गुडघा ऐकेल तर शपथ! खाली बसताना ठीक, वर येताना दोन्ही गुडघे एकमेकांना भेटायला आत. मी मराठीत ओरडले, हिंदीत ओरडले, गुजरातीत ओरडले. शेवटी राजूसरांना म्हटलं, "गुडघ्यांच्या वर बांधायला ताणणारा पट्टा पाहिजे. पोरींनी तो बाहेर ढकलायचा, म्हणजे गुडघे आपोआप बाहेर राहतील."

राजूसर दुसऱ्या दिवशी मार्केटमधून रुंद इलॅस्टिक घेऊन आले. चणियाचोळीच्या कमरेला लावतात ना, तसलं. सोनेरी! वर चमचमणारी वेलबुट्टी!

"दुसरं मिळालं नाही का हो सर?"

"मिळत होतं. पण हे दिसायला भारी होतं."

तर सकाळच्या उन्हात अख्खी टीम मांड्यांना सोनेरी पट्टे बांधून एका तालात खाली-वर. बाजूच्या सोसायटीतल्या एक मासी दूध घेऊन चालल्या होत्या. त्या थांबल्या, कौतुकानं बघत राहिल्या, आणि नवरात्र कितीतरी लांब असूनही म्हणाल्या, "बेन, गरबाना क्लास अत्यारथी चालू थई गया?"

जिनल खालून वर येता येता म्हणाली, "हा मासी, तमे पण आवी जाव!"

मासी आल्या नाहीत. पण सोनेरी पट्ट्यानं काम केलं. महिनाभरात मयूरीचे गुडघे सरळ वर यायला लागले, आणि मी आनंदानं ग्राउंडवर एकटीच टाळ्या वाजवल्या.

*

राजूसरांचं एक आहे. मी काही शिकवायला लागले की त्यांच्या अंगात येतं. "थांबा, मी दाखवतो!"

त्या दिवशी खुर्चीचा व्यायाम होता. मागे प्लॅस्टिकची खुर्ची ठेवायची, कंबर मागे नेत तिला हलकेच टेकायचं आणि उठायचं, म्हणजे गुडघ्यांवर भार न देता मागे बसायची सवय लागते. राजूसर पुढे आले. नवाकोरा ट्रॅकसूट, छाती वर, टाचा घट्ट. फॉर्म खरंच सुंदर होता, खोटं कशाला बोलू! आणि खुर्चीला टेकणार तोच आवाज आला. चर्रर्र!

दुसऱ्या कुठल्या गावात पोरी हसल्या असत्या. हे सुरत आहे! सगळ्या धावत सरांच्या मागे जमल्या आणि तपासणी सुरू झाली.

"शिलाई गेली."

"नाही गं, शिलाई शाबूत आहे. कापडच गेलंय."

"ताणा तुटला का वाणा?"

"वाणा! बघ ना, आडवा धागा आहे."

सर दोन्ही हात मागे धरून उभे, वळता येईना, पळता येईना. शेवटी मयूरीनं अगदी गंभीरपणे निकाल दिला, "सर, तुमचा फॉर्म बरोबर होता. कापड डुप्लिकेट होतं."

*

मग वजनाची वेळ आली. आमच्याकडे जिम नाही. साडीच्या कारखान्यातून चिंध्या मिळतात, त्या पोत्यात ठासून भरल्या की झकास वजन होतं. पोतं छातीशी कवटाळायचं आणि स्क्वॉट करायचा. आधी हलकं, फॉर्म पक्का झाला की थोडं जड, त्याच्याआधी नाही. मयूरीनं एकदा माझी पाठ वळल्यावर जडवालं उचललं, गुडघा जरासा आत गेला, आणि मी अशी कडाडले की पलीकडे क्रिकेट खेळणारी मुलंही सरळ उभी राहिली!

सुनंदाताई भिंतीवर हजर होत्याच. "वजन उचलीसन पोर बुटकी राही जाई ना मॅडम!"

मी खूप समजावलं की नीट शिकवलेल्या वजनानं उंची खुंटत नाही. त्यांना पटलं नाही. त्यांनी घरी जाऊन मयूरीला दाराच्या चौकटीला उभं केलं आणि तिच्या डोक्याच्या उंचीला एक टिकी चिकटवून टाकली. साडीची, गुलाबी. म्हणजे पुरावा तयार!

काही महिन्यांनी त्या तरातरा चालत थेट ग्राउंडच्या आत आल्या. मी मनात म्हटलं, आता काय झालं?

"मॅडम, तुमनं काय चालू शे हाई? पोर टिकीना वर चालनी गयी!"

"अहो, मग चांगलंच झालं की!"

"काय चांगलं? शाळाना ड्रेस तोकडा व्हई ग्या ना!"

मी म्हटलं, ताई, ही वयाची वाढ आहे, माझी करामत नाही. त्या म्हणाल्या, "ती वाढ राहू द्या. मी गुडघाकडे देखी राह्यनू." आणि जशा आल्या तशा गेल्या.

*

एक छोटासा किस्सा. चलथाणला मैत्रीचा सामना होता आणि आम्ही चिंध्यांची पोती विसरलो. तिकडे साखर कारखान्याच्या रस्त्यावर एका ट्रॅक्टरवाल्या काकांनी उसाच्या मोळ्या दिल्या. पोरींनी मोळ्या कवटाळून वॉर्मअप सुरू केला. पहिला सेट उत्तम. दुसरा उत्तम. तिसऱ्याला मला जाणवलं की पोरी फारच भराभर उठतायत. बघते तर निम्मी मोळी गायब!

जिनल तोंड पुसत म्हणाली, "मॅडम, आजचा वजन पचला."

*

फायनल जवळ आली तसा मी उडी मारून खाली येण्याचा सराव वाढवला. खरी गंमत तिथे आहे! उडी कितीही उंच मारा, खाली येताना अर्ध्या स्क्वॉटमध्ये यायचं, गुडघे बोटांच्या दिशेला, आणि मुख्य म्हणजे आवाज करायचा नाही. आवाज आला म्हणजे दणका हाडांनी खाल्ला, आवाज आला नाही म्हणजे मांडीनं झेलला. राजूसर तर जमिनीला कान लावून बसायचे. "आला! आला! परत!"

मयूरीनं हे इतकं मनावर घेतलं की घरी पण चालू. त्यांची खोली वरच्या मजल्यावर, आणि खाली राहणाऱ्या भाभींचं नि सुनंदाताईंचं या पोरीच्या धपधपीवरून कायम वाजायचं. एका संध्याकाळी भाभी वर आल्या. सुनंदाताई भांडायच्या तयारीनंच दारात गेल्या.

भाभी हळू आवाजात म्हणाल्या, "दीदी, मयूरी बीमार है क्या? आजकल आवाज ही नहीं आती."

हे मला सुनंदाताईंनी स्वतः सांगितलं, भिंतीवरून. सांगताना हसल्या नाहीत, पण पदर तोंडाशी नेला. मी विचारलं, "मग पुढच्या वर्षीचं काय ताई?" तर लगेच चेहरा कडक. "फायनल व्हऊ द्या!"

*

आणि झाली एकदाची फायनल!

समोर सुरतच्या दुसऱ्या टोकाची टीम, उंच पोरी, भारी बूट. सुनंदाताई टिक्यांचं काम ठेवून आल्या होत्या, अगदी रेषेला चिकटून बसल्या होत्या. मी त्यांच्या बाजूला. राजूसरांना बघवत नव्हतं, ते पाठ करून उभे होते आणि मला विचारत होते, "काय चाललंय? काय चाललंय?"

"झिरो-झिरो, सर."

शेवटची काही मिनिटं. उजवीकडून बॉल हवेत आला. मयूरी उडाली. त्यांची डिफेंडर पण उडाली. दोघी हवेत एकमेकींवर आदळल्या, आणि खरं सांगते, मी बॉलकडे बघितलंच नाही. माझे डोळे तिच्या पायांवर. तेच ग्राउंड, तशीच उडी, गेल्या वर्षी अशीच खाली आली होती पोरगी!

धप्प आवाज आला. एकच.

रेफरीची शिट्टी वाजली. धूळ उडाली होती, त्यात कुणीतरी पाय धरून खाली बसलेलं दिसत होतं. इकडून कळेना कोण ते. आणि सुनंदाताई उठल्या! चप्पल एकीकडे, पिशवी एकीकडे, साडी वर खोचून सरळ ग्राउंडमध्ये! रेफरी हात पसरून आडवा आला, "बेन, बेन, अंदर नहीं आ सकते!" त्याला त्यांनी असं बाजूला केलं जसं दारातला पडदा करतात.

मी मागून धावले. धूळ बसली. मयूरी उभी होती. आवाज न करता स्क्वॉटमध्ये उतरली होती आणि तशीच वर आली होती, गुडघे सरळ, टाचा घट्ट, आणि आता आईकडे बघून तिचा चेहरा पांढरा पडला होता. "आई, माले काही नही व्हयनं! देख ना! काही नही व्हयनं!" आणि ती तिथल्या तिथे उड्या मारून दाखवायला लागली. मागे जाळीत बॉल होता, आमच्या पोरी वेड्यासारख्या ओरडत होत्या, राजूसर "काय झालं? कुणी सांगेल का?" म्हणत गोल गोल फिरत होते.

सुनंदाताईंनी मयूरीला एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं. गुडघ्यापाशी नजर जरा थांबली. मग तिच्या बाजूनं पुढे गेल्या.

खाली समोरच्या टीमची डिफेंडर बसली होती. फार काही नव्हतं, पोटरीत गोळा आला होता, पण घाबरून रडत होती बिचारी. सुनंदाताई धुळीत मांडी घालून बसल्या, तिचा पाय आपल्या मांडीवर घेतला, पोटरी चोळायला लागल्या. मग त्या टीमच्या कोचकडे मान वर करून असं काही बघितलं की तो दोन पावलं मागे सरकला. आणि त्या पोरीचे डोळे पदरानं पुसत गुजरातीत म्हणाल्या,

"दीकरी, आ तारा सर तने उठाबशा नथी करावता?"