पट्टीने ओढलेली रेघ

"बाबू, जे कानावर आलं नाही, ते भितीवर कायले आनू?" असं म्हणून चाचा ब्रश कानामागे खोचायचे. तिथले केस कायम निळे.

सत्तरच्या दशकात मी शेलूबाजारला एका अडतीच्या दुकानात दिवाणजी होतो. चाचा पाट्या रंगवायचे. आमच्या शेठला हौस आली म्हणून दुकानाच्या बाहेरच्या भिंतीवर चाचांनी चौकटी आखल्या. रोज रेडिओवर अकोल्याचा तुरीचा भाव ऐकायचा, निळीच्या पाण्याने ठिपका द्यायचा आणि कालच्या ठिपक्याला जोडायचा. महिना संपला की वरून चुना. त्या भिंतीसमोर उभं राहून निम्मं गाव बाजाराचं तज्ज्ञ झालं होतं. असे तज्ज्ञ तुमच्याही गावात असतील.

शेठची दानत मोठी. फक्त रेडिओचे सेल पार मेल्याशिवाय बदलत नसत. रेडिओ मुका झाला की चाचा तेवढी जागा कोरी सोडत. पुढे भाव कळला तरी मागच्या ठिपक्याशी जोडत नसत.

"चाचा, भितीचे दात पडून राह्यले," शेठ म्हणत. "बसवून द्या ना."

"नकली दातानं हासता येते शेठ, चावता येत नाही."

मी कॉलेजात दोन वर्षं काढलेला, त्यामुळे सगळ्याला पट्टी लावायची मला आवड. चाचांची रेघ जराशी थरथरायची. पट्टी पुढे केली तर म्हणाले, "भाव सरळ चालते काय, बाबू?" आणि रस्त्यापलीकडे जाऊन, मान तिरकी करून, आपली भिंत पाहत बसले, जणू अकोल्याचा बाजार यांनाच विचारून उघडतो.

एका हिवाळ्यात तुरीचा भाव उतरत होता. नेमके सेल गेले आणि चाचा केनवडला पाट्या रंगवायला गेले.

"भित बेकार दिसून राह्यली," शेठ म्हणाले. "रेघ पुरी करून टाक."

वर न्यायची की खाली, ते बोलले नाहीत. भली माणसं असं बोलत नाहीत. नीळ सापडली नाही, म्हणून मी चाचांचा निळ्या तेलरंगाचा डबा काढला, पट्टी लावली आणि उतरती रेघ तशीच खाली त्या दिवसाच्या तारखेपर्यंत आणून सोडली. फार देखणी झाली.

आणखी पडायच्या आत विकावी म्हणून लोकांनी घरातली तूर काढली. शेठनी उपकार केल्यासारखी घेतली. त्यात चाचांचे शेजारी गौतमभाऊ होते. शाळेत शिपाई, घरची थोडी शेती. घरावर टिनाचे पत्रे टाकायचे म्हणून तूर राखून ठेवलेली. सगळा माल आत आल्यावर शेठना सेल आणायची आठवण झाली. रेडिओ बोलला. तूर मधल्या दिवसांत चांगलीच चढली होती.

चाचा परतले तेव्हा गौतमभाऊ भिंतीशीच उभे होते.

"चाचा, तुमची रेघ पाहून इकली म्या. वाटलं, केनवडहून मधात येऊन काढून गेले. तुमी तं आयकल्याबिगर काढत नव्हते. मंग हे काहून काढलं?"

चाचांनी रेघेवरून बोट फिरवलं. बोट एकदाही अडखळलं नाही. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला नेमकी तेव्हाच वजनं पुसायची निकड लागली.

"रंग माह्याच डब्यातला हाय, गौतम," चाचा म्हणाले.

एवढंच. माझी नोकरी राहिली. त्या दोघांची घरं लागून होती. ओट्यावरचा संध्याकाळचा चहा बंद झाला. चाचांनी भिंतीला पुन्हा ब्रश लावला नाही. स्टँडवर जीपांवर नावं रंगवत राहिले. मी दिसलो की "काय बाबू" म्हणायचे. पुढे काहीच नाही. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर मला झोप लागली असती.

चाचा गेले तेव्हा गौतमभाऊ मातीला आले नाहीत. मी होतो. खांदासुद्धा दिला, लोकांनी माझं कौतुक केलं.

गौतमभाऊ आता निवृत्त आहेत, ओट्यावर बसून छापलेलं सगळं वाचतात, असं कळलं. म्हणून हे लिहिलं. समोर जाऊन तोंडाने सांगायचं अजून जमलेलं नाही.

चाचांच्या साऱ्या रेघा चुन्याखाली गेल्या. माझ्या तेलरंगावर चुना धरत नाही. दर दिवाळीला लावतात, होळीपर्यंत पोपडे पडतात, आणि ती वर येते. अगदी सरळ.