दिवाणातला गहू

संध्याबाईंच्या घरात काही वाया जात नसे. दुधाची पिशवी कापून विसळली की ते पाणी कणकेत जाई. कोथिंबिरीच्या काड्या सारात, कलिंगडाची पांढरी साल थालिपिठात, रात्रीच्या पोळ्या सकाळी कुस्करून फोडणीला. साबणाची उरलेली चिपटी नव्या वडीला चिकटे आणि तिच्याबरोबर झिजे. कुकरमध्ये वाफ धरली की त्या गॅस बंद करत आणि वर जुनी गोधडी टाकत. डाळ आपली आपण आत शिजत राही.

शेजारी अनुसूयाक्का राहत. त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे येऊन बंगळूरचंच होऊन गेलेलं. त्यांच्या मराठीत निम्मं कानडी. त्या म्हणत, "संध्या, तुझ्या घरची मुंगी उपाशी मरत असेल बघ. सांडलेलं स्वल्पसुद्धा मिळत नाही तिला."

"मरत नाही, अक्का. तुमच्याकडे जेवायला येते."

यावर दोघी हसत आणि हसता हसता अनुसूयाक्का फेकायला काढलेला फ्लॉवरचा पाला संध्याबाईंच्या हातात ठेवून जात.

लग्न होऊन बार्शीहून संध्याबाई इथं आल्या तेव्हा त्यांचे यजमान पुरुषोत्तम पीण्या या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहानशा कारखान्यात लेथवर होते. पगार बेताचा. त्यात भाडं, दवाखाना, पाहुणे आणि पुढे मुलाचं, मकरंदचं, इंजिनिअरिंग. ते कसं झालं असं कुणी विचारलं तर पुरुषोत्तम म्हणत, "माझ्या पगारावर नाही झालं. हिच्या डब्यांतल्या बचतीवर झालं." आता मकरंद शहराच्या दुसऱ्या टोकाला, मारतहळ्ळीला, मोठ्या कंपनीत होता, आणि हे दोघं पीण्याजवळच, दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत. मुलाकडे हात पसरायचा नाही, हे दोघांनी न बोलता ठरवलेलं होतं.

सगळ्या काटकसरीत मोठी होती ती वर्षाच्या धान्याची. चैत्र-वैशाखात घाऊक बाजारातून गहू एकदम आणायचा, कडक उन्हात वाळवायचा, कोठीत भरायचा. हे त्या आईच्या घरून शिकून आल्या होत्या. पहिल्या घराला अंगण होतं, अंगणाबाहेर कडुलिंब होता. त्याचा वाळला पाला थराथरात घातला की गव्हाकडे वर्षभर बघावं लागत नसे. या घरात आल्यावर पत्र्याची कोठी जिन्यातून वर चढेना. ती भंगारात गेली. मग गहू गेला दिवाणाच्या पोटात. मागच्या खोलीतला तो लाकडी दिवाण. वरची फळी उचलली की आत पोती मावत. फळीवर गादी, आणि गादीवर पुरुषोत्तम झोपत.

लेथवरच्या नोकरीनं त्यांच्या छातीत खोकला ठेवून दिला होता. पावसाळी हवा लागू नये म्हणून त्या खोलीची खिडकी आषाढ लागला की बंद. देवघरही त्याच खोलीत, कोपऱ्यात. संध्याबाई पहाटे नळाला उठत, त्यांची झोपमोड नको म्हणून स्वतः बाहेरच्या खोलीत चटईवर झोपत.

त्या वर्षी पाऊस थांबेचना. भिंतींना ओल आली. एके दिवशी दळणासाठी गहू काढला तर चाळणीत काळे ठिपके चालायला लागले. टोके! त्यांनी दुसरं पोतं सोडलं. तिथंही तेच. पाला नव्हता, ऊन नव्हतं. पोत्यात हात घालून त्या तशाच बसून राहिल्या. वर्षाची पोळी होती ती.

मकरंदचा फोन आला तेव्हा न राहवून त्या बोलल्या.

"आई, टाकून दे ना ते! पीठ मी मागवतो, दहा मिनिटांत दारात येईल."

"दहा मिनिटांत येतं ते दहा दिवसांत संपतं रे. अन्न टाकायला मी काय जहागीरदाराची लेक आहे?"

"तू ना..." तो म्हणाला, आणि त्याला दुसरा फोन आला.

दुसऱ्या दिवशी त्या बस धरून घाऊक बाजारात गेल्या. ओळखीचा असा कुणी नव्हता. ज्या दुकानासमोर पोत्यांची थप्पी लागली होती तिथंच त्यांनी विचारलं, "एवढ्या मालाला कीड कशी लागत नाही हो तुमच्या?" दुकानदारानं ड्रॉवरमधून एक डबी काढली, त्यातल्या करड्या गोळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गाठ मारली.

"अम्मा, आमचं सगळं गोदाम याच्यावर चालतं. कापडात बांधून पोत्यात घाला, तोंड घट्ट आवळा, आठवडाभर उघडू नका. मग हात धुवा नीट."

संध्याबाईंनी भावात थोडी घासाघीस केली आणि दोन गोळ्या वर मागून घेतल्या. गोदामात रात्री कुणी झोपत नाही, हे त्यानं सांगितलं नाही. यांनीही विचारलं नाही.

घरी येऊन त्यांनी सोवळ्याचं काम करावं तशा निगुतीनं ते केलं. जुन्या धोतराचे तुकडे फाडले, गोळ्या पुरचुंडीत बांधल्या, प्रत्येक पोत्याच्या मधोमध खोचल्या. तोंडं सुतळीनं आवळली. फळी बसवली, गादी घातली, स्वच्छ चादर अंथरली. हात राखेनं धुतले. देवाला नमस्कार केला आणि म्हणाल्या, "अन्नपूर्णे, सांभाळ गं बाई."

सकाळी पुरुषोत्तम उठले ते डोकं धरून.

"काय गं, चातुर्मास लागला ना? कांदा-लसूण बंद ना?"

"मग?"

"मग रात्री चोरून लसणाची चटणी कोण खात होतं? घमघमाट सुटलाय खोलीत."

"अहो, काहीतरीच काय! खालच्यांनी फोडणी दिली असेल. त्यांना कुठला चातुर्मास?"

"खालच्यांचं नाव सांगून नवऱ्याला सोडून खाते बाई," ते म्हणाले आणि हसता हसता खोकत सुटले. खोकला नेहमीपेक्षा जास्त वेळ चालला.

त्या दिवशी त्यांनी जेवण अर्धं सोडलं. संध्याबाईंनी ओव्याचा काढा दिला. दुपारी ते बाहेर गॅलरीत खुर्ची टाकून बसले, समोरच्या गाळ्यातल्या वेल्डिंगच्या ठिणग्या बघत. हळूहळू चेहऱ्यावर रंग आला. "बघ, बरा झालो," म्हणाले. रात्री पुन्हा आत जाऊन झोपले. खिडकी बंद होतीच. संध्याबाईंनी दाराखालच्या फटीला फडकंही लावलं, गार वारा नको म्हणून.

पुढच्या सकाळी केर काढताना दिवाणाखाली पाल मेलेली मिळाली. पोट वर करून, अगदी ताजी. थोड्या अंतरावर दोन झुरळं तशीच. संध्याबाईंना वाटलं, चला, गोळ्या कामी आल्या. सुपलीत घेऊन त्यांनी ते बाहेर टाकलं.

पूजेला बसल्या तर ताम्हन काळवंडलेलं. आदल्याच दिवशी चिंचेनं घासून लख्ख केलं होतं. पळीही काळी. त्यांनी चांदीची अन्नपूर्णा उचलली. माहेराहून आणलेली ती एवढीशी मूर्ती, तिच्या तोंडावर कुणी काजळ फासावं तशी झाकोळली होती. त्यांनी मूर्ती पदरानं पुसली, रांगोळीनं घासली. काळेपणा निघाला नाही.

"माझं काय चुकलं?" त्या देवाला म्हणाल्या. मनात एक एक करून सगळं आठवलं. नवस राहिला का? कुणाला दारातून परत पाठवलं का? शेवटी त्यांनी ठरवलं की आज एकभुक्त राहायचं. स्वतःचं डोकं दुखत होतं, मळमळत होतं, तेही मग उपासाच्या खात्यावर गेलं.

आत पुरुषोत्तमांना उलटी झाली. दिवाणाच्या कडेवर बसून ते छाती चोळत होते.

"डॉक्टरकडे जाऊ या का हो?"

"नुसतं बघायचे पैसे घेतात ते. पित्त आहे, उतरेल. तुझा काढा दे."

संध्याबाईंनी काढा दिला. उद्यापर्यंत बघू, असं दोघांनी ठरवलं. आयुष्यभर त्यांनी दुखणी अशीच एकेक दिवस पुढे ढकलली होती, आणि बहुतेक दुखणी खरंच ढकलली गेली होती.

त्या दिवशी पाऊस इतका होता की गॅलरीत बसता आलं नाही. ते दिवसभर आत पडून राहिले.

त्यानंतरच्या सकाळी अनुसूयाक्का वाटीत कोसंबरी, भिजल्या मूगडाळीची कोशिंबीर, घेऊन आल्या. दारातच थबकल्या.

"अय्यो! संध्या, चातुर्मासात लसूण? तू? बिद्दलं, बुडालं म्हणायचं तुझं सोवळं!"

"मी नाही हो अक्का. खालचे. दोन-तीन दिवस झाले, सारखा तोच वास."

"खालचे कुठले? ते गावी गेलेत ना. मागच्या आठवड्यात गेले, कुलूप आहे दाराला. चावी माझ्याकडेच दिलीय, झाडांना पाणी घालायला."

अनुसूयाक्का पुढं काहीबाही बोलत होत्या, ते संध्याबाईंना ऐकू येत नव्हतं. खाली घर बंद. मग लसूण कुणाचा? त्या वळल्या आणि मागच्या खोलीत गेल्या. वास तिथं दाट होता. पुरुषोत्तम कुशीवर वळून पडले होते, ओठ निळसर, कपाळाला घाम. संध्याबाईंनी गादीचं टोक उचललं. फळीच्या फटीवर तोंड नेलं.

तो वास तिथून येत होता.

पाल. झुरळं. ताम्हन. सगळं एकदम समोर उभं राहिलं, आणि त्यांच्या तोंडून आवाज निघाला तो ऐकून अनुसूयाक्का धावत आल्या.

"खिडकी उघडा! अक्का, खिडकी! यांना बाहेर काढायचंय!"

"काय झालं गं? काय झालं?"

"विष घातलंय मी. अंथरुणाखाली विष घातलंय."

दोघींनी मिळून त्यांना गॅलरीपर्यंत ओढत आणलं. अनुसूयाक्कांनी रस्त्यावर ओरडून रिक्षा थांबवली. वाटेत पुरुषोत्तम शुद्धीवर होते. "एवढी काय घाई? रिक्षावाल्याला मीटर टाकायला सांग," एवढंच म्हणाले.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काय खाल्लं, कधीपासून त्रास? संध्याबाईंनी सगळं सांगितलं. करड्या गोळ्या, गोदामात धान्याला घालतात त्या, कुठं ठेवल्या, ते किती रात्री वर झोपले. डॉक्टरीणबाईंचं लिहिणं थांबलं. त्यांनी लगेच आतल्या दोघांना हाक मारली.

"दमट हवेत त्या गोळ्यांतून विषारी वायू सुटतो. याला उतारा नसतो, अम्मा," त्या नंतर म्हणाल्या. "शरीराला आधार द्यायचा आणि वाट बघायची. हृदयावर आलंय. माणूस बोलता बोलता ठीक दिसतो, म्हणून फसू नका."

मकरंद मारतहळ्ळीहून पोचेपर्यंत दुपार झाली. विषबाधा म्हणजे पोलिसांना कळवावं लागतं. हवालदार येऊन बाकावर बसला होता. मकरंदनं आईला खांबामागे नेलं.

"आई, ऐक. पेस्ट कंट्रोलवाला आला होता म्हण. नाव आठवत नाही म्हण. बाकी मी बघतो."

"पण आला नव्हता ना रे."

"आई, प्लीज! तुझ्यावर संशय घेतील."

हवालदारानं कानडीत विचारलं, "गोळ्या घरात कुणी ठेवल्या?"

"मी ठेवल्या," संध्याबाई म्हणाल्या.

"मुद्दाम?"

"गहू वाचवायला." हे सांगताना त्यांचा आवाज इतका लहान झाला की हवालदारानं परत विचारलं आणि त्यांना ते परत सांगावं लागलं. मकरंद भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

संध्याकाळी नर्सनं त्यांना आत सोडलं. पुरुषोत्तमांच्या नाकाला नळी, छातीवर वायरी. हात बर्फासारखा गार. पण डोळे उघडे होते आणि आवाज त्यांचाच होता.

"कुणी काही सांगत नाही मला. काय झालंय गं?"

बाहेर मकरंदनं बजावून सांगितलं होतं, बाबांना आत्ता काही बोलू नकोस. संध्याबाईंनी तो गार हात दोन्ही हातांत धरला. इतकी वर्षं या माणसापासून त्यांनी एकही गोष्ट लपवली नव्हती.

"मी गव्हात गोळ्या ठेवल्या होत्या. टोक्यांसाठी. त्यांचा धूर होतो, मला माहीत नव्हतं. तुम्ही त्यावरच झोपत होता."

पुरुषोत्तमांनी मान वळवली.

"मग गहू वाचला का?"

संध्याबाईंना वाटलं ते रागावून विचारताहेत. मग त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यात ती नेहमीची सुरकुती दिसली.

"वाचला," त्या म्हणाल्या.

"बरं झालं." त्यांनी डोळे मिटले.

उशाशी असलेल्या यंत्राची लय चुकली. पुन्हा लागली, पुन्हा चुकली, आणि मग ते एकसारखं किंचाळायला लागलं. नर्स धावत आली, तिच्यामागे दोघं. कुणीतरी पडदा ओढला. "अम्मा, बाहेर जा, बाहेर जा," असं तिघं तीन भाषांत ओरडत होते. संध्याबाईंना ते ऐकू येत होतं. त्यांनी हात सोडला नाही.