न विरघळणारं खत

आता हे तुम्हाला सांगावं की नाही, याचा मी बराच विचार केला. पण चहा ठेवलाच आहे, तर ऐका. शहाणपणा करायला गेलो आणि आपल्याच हातानं आपला पचका कसा करून घेतला, त्याची ही हकीकत.

मी राहतो अकोल्याला, पण जन्म खारपाणपट्ट्यातला. म्हणजे जिथं विहिरीचं आणि बोअरचं पाणी खारट, तो मुलूख. त्या पाण्यात साबणाला फेस येत नाही. तुरीची डाळ सकाळी चुलीवर ठेवा, दुपारी दाणे टणकच. म्हणून आमच्या गावात घरोघरी पाण्याची दोन भांडी असत. मोठ्या रांजणात खारं, ते घरच्यांसाठी. कोपऱ्यातल्या लहान माठात गोडं, ते चहाला, डाळीला आणि पाहुण्यांना.

हे गोडं पाणी मी आणि माझा दोस्त वामन, सायकलला पत्र्याचे डबे बांधून लांबून आणायचो. निम्मं वाटेत सांडायचं, आमच्याच पायांवर. पण आणलं आम्ही म्हणून पिऊ देतील? छे. मी माठाकडे हात नेला की वामनची माय टपली मारायची.

"तू का पाव्हणा हायेस? रांजणातलं पी."

त्या टपलीचा मला कोण अभिमान! त्या घरात मी घरचा होतो, याचा तो शिक्काच होता.

वामनचं आता अकोटला कृषी केंद्र आहे. बियाणं, खतं, औषधं. मी गच्चीवर मिरच्या, वांगी आणि चार गुलाब लावलेत, त्यांना ठिबकच्या नळ्याही जोडल्यात. वामननंच मला एक पांढरं खत दिलं. पिशवीवर ठळक छापलेलं: पाण्यात पूर्ण विरघळते.

महिनाभरात नळ्या चोंदल्या आणि मिरच्या माना टाकून बसल्या. बादलीत पाहिलं, तर तळाशी पांढरा गाळ.

"अवो, खत हाय का राखड?" बायको म्हणाली. "तुमच्या दोस्तानं चुना लावला तुमाले."

दुसरा कोणी असता तर भांडायला गेला असता. मी तसा नाही. मला आधी मोजायला लागतं. मुलाचं जुनं शाळेचं पुस्तक काढलं. एखादा पदार्थ पाण्यात किती विरघळतो ते कसं काढायचं, ते दोनदा वाचलं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर खत तोललं. बादलीत टाकून ढवळलं, पार हात भरून येईपर्यंत. मग धुतलेल्या पंच्यातून गाळलं. पंच्यावर उरलेला गाळ ताटलीत उन्हात वाळवला आणि तोलला. चांगला चमचाभर भरला.

म्हटलं, अन्याय नको. पुस्तकात लिहिलं होतं की पाणी गरम केलं तर बहुतेक पदार्थ जास्त विरघळतात. मी पाणी गरम केलं. गाळ वाढला!

आता सांगा, मी काय समजायचं? समजलो की भेसळ आहे, आणि तीही अशी की विज्ञानालाच जुमानत नाही.

एका बाटलीत गाळाचं पाणी भरलं. दुसरीत नुसतं, खत न घातलेलं पाणी. म्हणजे उद्या कोणी म्हणायला नको की पाणीच गढूळ होतं. पाहा माझा काटेकोरपणा. दोन्ही बाटल्या आणि खताची पिशवी थैलीत टाकली आणि अकोटची एसटी धरली.

खरं तर वामनला बाजूला घेऊन सांगायचं ठरवलं होतं. पण दुकानात गिऱ्हाईक भरलेलं, आणि माझा आवाज लहानपणापासून असा, की मी हळू बोललो तरी दोन घरं ऐकतात.

"वामन्या, तुह्या खतात खोट हाय."

एका शेतकऱ्यानं हातातली पिशवी हळूच काउंटरवर परत ठेवली. वामनचा चेहरा उतरलेला मी पाहिला, पण मी तर मोजून आलो होतो. मी सगळं सांगितलं. काटा, पंचा, ताटली, गरम पाणी. बाटली उजेडात धरून हलवून दाखवली.

माझं संपल्यावर वामन एवढंच म्हणाला, "मध्या, तुह्या घरी डाळ कोन्या पाण्यात शिजते?"

"कोन्या म्हंजे? नळाच्या. बोअरचं पाणी खारं, त्याच्यात डाळ कधी..."

आणि वाक्य तिथंच राहिलं.

तुम्हाला समजलं ना? अहो, आमच्या घरी अजूनही नळाचं गोडं पाणी स्वयंपाकाला आणि प्यायला. बाकी सगळ्याला, गच्चीवरच्या झाडांनाही, बोअर. ज्याचा उभा जन्म गोडं पाणी जपण्यात गेला, त्याला प्रयोगासाठी गोडं पाणी घ्यायचं सुचेल कसं? हात आपोआप बोअरच्या नळाकडे गेला होता. खत विरघळत होतं. त्या पाण्यातल्याच क्षारांशी जुळून त्याचा गाळ होत होता. पाणी तापवलं की आणखी.

वामननं पिण्याच्या पाण्याचा ग्लास भरला, त्यात माझ्याच पिशवीतलं चिमूटभर खत टाकलं, ढवळलं. काचेसारखं स्वच्छ.

"काका, गाव कोनतं तुमचं?" शेतकऱ्यानं विचारलं.

मी गाव सांगितलं.

"खारपानातलेच हाय न बावा," तो म्हणाला, आणि मग दुकान हसलं. पिशवी त्यानं परत उचलली, तेवढं बरं झालं.

दुकानामागेच घर. वामन मला आत घेऊन गेला, पण माझ्याकडे न बघता. माय खाटेवर बसली होती. थकलीय, पण कान शाबूत. दुकानातलं सगळं तिनं ऐकलेलं.

"सूनबाई," ती म्हणाली, "गोडं पानी आन वं. पाव्हणे आले."

पाव्हणे. मी. टपली सोसली असती हो, हे सोसेना.

"माय, मले कायले गोडं? रांजणातलं दे न."

"रांजन कुठं राह्यला बापा आता."

मी मान खाली घालून बसलो. तेवढ्यात वामननं माझ्या थैलीतली दुसरी बाटली काढली, ती नुसत्या बोअरच्या पाण्याची. पेला भरला आणि माझ्यापुढे धरला.

"घे लेका. घरचा असशील त पिशील."

मी घेतला आणि मोठा घोट भरला. तो घशात उतरेना की बाहेर येईना. नळाच्या पाण्यानं जीभ पार नाजूक होऊन बसलेली. डोळ्यांतून पाणी आलं, तेही बहुधा एवढं खारट नसेल.

मायनं डोक्यावर टपली मारली. वामन तेव्हा कुठं हसला.

"आता समजलं का मध्या," तो म्हणाला, "तुह्या मिरच्या काहून मेल्या?"