मडगार्डांचा निकाल

संस्थानं विलीन झाली तेव्हा एका जहागीरदाराने विकायला काढलेली मोटार माझ्या वडिलांनी घेतली. ते बुऱ्हाणपुरात वकील होते. नागपूरच्या हायकोर्टात त्यांचं जाणं-येणं असे. पुढे राज्यं नव्याने आखली गेली, नागपूर तिकडे मराठी मुलखात गेलं आणि आम्ही इकडे हिंदी राज्यात राहिलो. कोर्टाचं काम हिंदीत सरकलं. वडिलांना हिंदी उत्तम यायची, पण तिचा एक शब्दही उच्चारायचा नाही असं त्यांनी ठरवून टाकलं. मोडेन पण वाकणार नाही, हा त्यांचा बाणा. वाकावं लागे ते आम्हा बाकीच्यांना.

पक्षकार पांगले. मोटार आमच्या बुधवारा मोहल्ल्यात घरासमोर उभी राहिली आणि तिच्या पुढच्या दोन्ही मडगार्डांची खालून गंजून चाळणी झाली. मग वडिलांनी ठरवलं, राज्याच्या हद्दीपलीकडे रावेरच्या कोर्टात जायचं आणि मराठीत वकिली करायची. रावेरला आगगाडी जाते, पण वकील मोटारीतूनच उतरला पाहिजे! आज हसू येतं. पण त्या माणसाजवळ तेवढी एकच आशा उरली होती.

मोटार ढकलत मिस्त्रीच्या गॅरेजमध्ये नेली. तो म्हणाला, "साब, नीचे का पतरा काट के नया जोड़ना पड़ेगा. नहीं तो मडगार्ड निकाल के खंडवेवाले को दे दो. उसके पास ऐसीच गाडी है, ऊपर का पतरा कब से माँग रहा."

दुरुस्ती की विक्री, यावर वडील तीन दिवस येरझारा घालत राहिले. चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी दुरुस्तीचं नक्की केलं.

नेमकं त्याच सकाळी मला पत्र आलं. हिंदीची परीक्षा पास झालो म्हणून भोपाळ सरकारच्या कचेरीत नोकरी लागली होती. मी पाया पडायला वाकलो. वडिलांनी पत्र वाचलं, माझ्यासमोर टाकलं आणि आईच्या देखत म्हणाले, "या, भोपाळचे चाकर!" वर लगेच मिस्त्रीसाठी चिठ्ठी हातात दिली: "मडगार्डांचा आजच निकाल लावा." काम उरकून टाका, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. निकाल हा त्यांचा लाडका वकिली शब्द.

मिस्त्रीने चिठ्ठी अक्षर अक्षर जुळवत वाचली. हिंदीत निकाल म्हणजे काढ. तो म्हणाला, "निकालने को लिखा है ना, भैया? फिर खंडवेवाले को दे दूँ?"

त्याची गल्लत माझ्या तत्क्षणी लक्षात आली. घाईत होतो असं आता म्हणायची सोय आहे, पण मी घाईत नव्हतो. मी चिडलेला होतो. परीक्षेसाठी घोकलेल्या शुद्ध हिंदीत मी म्हणालो, "चिट्ठी में जो लिखा है, वही कीजिए."

संध्याकाळी वडील गॅरेजमध्ये बघायला गेले, तर मोटारीची पुढची चाकं उघडी पडलेली. दुसऱ्या दिवशी खंडव्याला माणूस पाठवला, पण तोवर तिथे मडगार्डं कापून दुसऱ्या मोटारीला जोडून झाली होती. रावेरचं नाव घरात पुन्हा निघालं नाही.

मिस्त्रीने त्यांना सगळं सांगितलं असणार. जेवताना ते आईशी मराठीत बोलले, मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आप दाल लीजिए."

गावच्या नदीवरल्या राजघाटावर त्यांना शेवटचं पोचवेपर्यंत अकरा वर्षं गेली. साऱ्या जगाशी ते मराठीत बोलत, माझ्याशी फक्त हिंदीत. मी मराठीत उत्तर दिलं, की मान वर करून शांतपणे म्हणत, "जी, समझा नहीं."