‘सेट’चे एकवीस अर्थ आणि शिफ्टची बस

माझ्या इंग्रजीमुळे आमच्या सुनंदाताईचं लग्न मोडता मोडता राहिलं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. बाबा ऊर्जानगरच्या वीज केंद्रात, कोळशाच्या विभागात. मी बी.ए.ला इंग्रजी घेतलेलं, म्हणजे क्वार्टरांच्या अख्ख्या रांगेत विद्वान! (परीक्षक सोडून सर्वांना हे मान्य होतं.) त्या दिवसांत मला ‘सेट’ या एका शब्दानं झपाटलं होतं. डिक्शनरीत त्याचे अर्थ पानंच्या पानं चालायचे. त्यातले एकवीस मी तोंडपाठ केले होते.

अशात ताईला पाहायला कोरपन्याहून मास्तर आणि त्यांचे वडील आले. ताईला मास्तर फोटोतच आवडले होते, त्यामुळे सगळं घर जीव मुठीत धरून होतं. बाबांनी मला बाजूला घेतलं.

“शिफ्टचा भोंगा वाजला का पाव्हण्यायले उठव. दहा मिनिटांत शिफ्टची बस जाते. ते चुकली तर चंद्रपूरहून त्यायची एसटीबी हुकन. येवढं एकच काम तुह्यं!”

पण मास्तर निघाले इंग्रजीचे! मग मी कशाला थांबतो?

“टीव्ही सेट, कपांचा सेट, हे कोणीबी सांगन. पण सूर्य मावळते, थोबी सेट! दही घट्ट झालं, थेबी सेट! मोडलेलं हाड बसवलं, तरी सेट!”

मास्तर नुसती मान डोलवत होते. अकराव्या अर्थाला भोंगा वाजला. त्यांचे वडील ताडकन उभे राहिले.

“काय झालं जी? आग लागली का कुठी?”

“काई नाई जी, बसा. रोजचाच हाय!” मीच त्यांना हाताला धरून बसवलं आणि बाराव्या अर्थाकडे वळलो. (ऊर्जानगरात राहणाऱ्याला भोंगा ऐकूच येत नाही. बाबांनाही आला नाही!)

अठराव्या अर्थाला बस खिडकीसमोरून निघून गेली.

“मिल्या!” ताई आतून ओरडतच आली. “बस गेली नं! काय करून राह्यला तू?”

मुलीनं पाहुण्यांसमोर मानही वर करायची नाही, असा तो काळ. आईनं पदरात तोंड लपवलं. मास्तरांचे वडील पिशवी उचलत म्हणाले, “आमाले पोरगी पाहाची होती जी. शिकवणी नोती लावाची.”

ताईनं पदर खोचला आणि बाबांची सायकल काढली. नवी साडी, केसांत गजरा, आणि दांडीवाली सायकल! बस सगळ्या कॉलनीला वळसा घालून मोठ्या गेटवर जायची. ताई क्वार्टरांमधल्या बोळातून घुसली. मागून आम्ही धावलो, पाहुण्यांसकट! गेटवर पाहतो तर बस उभी, तिच्यापुढे सायकल आडवी, आणि ड्रायव्हर हात जोडून म्हणतोय, “बाई, लवकर बसव तुह्ये पाव्हणे. माही नोकरी जाईन!”

स्थळ गेलं, हे मला बाबांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नाही. मास्तर पायरीवर चढले, थांबले, घामाघूम झालेल्या ताईकडे पाहिलं आणि बाबांना म्हणाले, “भाऊ, माह्याकडून हो हाय.”

आता बाबा नाहीत, क्वार्टरही सुटलं. गेटवर भर उन्हात उभे राहून हसणारे बाबा अजूनही आठवतात. लग्न कोणामुळे जमलं, हा वाद मात्र घरात चालूच आहे. मी म्हणतो, माझ्या इंग्रजीमुळे.

भाऊजी हे लगेच मान्य करतात. “खरंच हाय. दुसऱ्यांदा पाहाले आलो असतो, तर तुमी दुसरा शब्द काढला असता. म्हणून उभ्या उभ्याच हो म्हणून टाकलं!”