नवसाचे केस

देव नाही हे सिद्ध करायला मी एकदा माझ्या मुलाचे केस कापून आणले. माझे नाही, त्याचे. एवढं शहाणपण मला तेव्हाही होतं.

हे आठवायचं कारण नात. ती जबलपूरला कॉलेजात आहे. मराठी तिला सगळी समजते, पण तोंड उघडलं की हिंदी निघते. परवा तिनं फोनवर विचारलं, "आजी, आप एथिस्ट हो या अ‍ॅग्नॉस्टिक?"

"फरक सांग आधी."

"पहला बोलता है, भगवान नहीं है. दूसरा बोलता है, है या नहीं, ये पता ही नहीं चल सकता."

म्हणजे एक नास्तिक आणि एक अज्ञेयवादी. मी म्हटलं, "मी दोन्ही होते. दुपारी पहिली, दुसऱ्या दिवशी सकाळी दुसरी."

"आजी, सीरियसली बताओ ना!"

मी सीरियसलीच सांगत होते.

तेव्हा मी लालबर्‍याच्या शाळेत विज्ञान शिकवायचे आणि बालाघाटहून बसनं जाऊन-येऊन करायचे. वाचनालयातून आणलेली दोन पातळ पुस्तकं वाचून झाली होती आणि त्या जोरावर मी बालाघाट जिल्ह्यातली एकमेव नास्तिक आहे, अशी माझी समजूत होती. आमच्या शेजारी एक बौद्ध कुटुंब राहत होतं. त्यांच्या घरात देव नव्हता आणि त्यांनी ते कधी बोलूनही दाखवलं नाही. माझ्या घरात देव होता आणि मी मात्र तो नाही म्हणून रोज सांगत होते. सासूबाईंनाही सांगितलं. त्या म्हणाल्या, "हौ? बरं. मंग ते मेथी निवडून टाक."

मुलाला लहानपणी तापात झटके यायचे. पहिल्यांदा आले तेव्हा त्याचे डोळे फिरले, अंग ताठ झालं, आणि मी, विज्ञानाची मास्तरीण, दारात उभी राहून नुसती ओरडत होते. सासूबाईंनी त्याला कुशीवर वळवलं आणि दवाखान्यात नेलं. त्या रिक्षात त्यांनी नवस बोलला. पोरगं उठलं तर त्याचे केस कापायचे नाहीत, वाढवायचे, आणि मग गावच्या मातामायपाशी नेऊन कापायचे, तिथंच तिच्या पायाशी ठेवायचे. गाव म्हणजे किरनापूरच्या पुढचं, आमचं शेत आहे ते. मातामाय तिथं शिवेवर कडुनिंबाखाली असते. शेंदूर लावलेले दगड आहेत. मुलगा उठला. डॉक्टरांनी औषध दिलं होतं, सासूबाईंनी शब्द दिला होता. मी सगळं श्रेय औषधाला दिलं आणि डॉक्टरांना तसं जाऊन सांगितलं. ते बिचारे स्वतः मंगळवार करायचे.

केस वाढत गेले, खांद्यावर आले. धान कापून झालं की गावाला जायचं ठरलं होतं. पण मला धीर कुठला? शाळेतल्या एका बाईंनी मला विचारलं, "काय हो, तुम्ही नास्तिक ना? मग पोराची वेणी काहून घालता?" बस. त्याच दुपारी मी मुलाला घेऊन बाजारातल्या न्हाव्याकडे गेले.

न्हाव्यानं केस हातात घेतले आणि कैची थांबवली. "मैडम, मन्नत के तो नहीं हैं?"

आमच्याकडे नवसाच्या केसांना कुणी न्हावी हात लावत नाही. मी म्हटलं, "नहीं, नहीं. बस ऐसे ही बढ़ गए."

आता बघा. खरी नास्तिक असते तर म्हणाली असती, "हो, नवसाचे आहेत, काप." मी खोटं बोलले. पण तेव्हा मला त्यात काही खटकलं नाही. मी विजयी मुद्रेनं घरी आले. मुलगा डोक्यावर हात फिरवत होता आणि त्याला गार वाटतंय म्हणून खूश होता.

सासूबाई तांदूळ पाखडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं. मी भांडणाची जय्यत तयारी करून आले होते, वाक्यं पाठ केली होती. त्यांनी एवढंच विचारलं, "केस कुठी हायेत?"

"तिथंच. न्हाव्याकडे."

"मी मातामायले शब्द देला होता," त्या म्हणाल्या. पुन्हा सूप उचललं, पण पाखडलं नाही. त्या रात्री जेवल्या नाहीत. मी जेवले, पण चव घेऊन नाही.

आणि मग मी मुलाच्या कपाळाला हात लावला. का लावला? ताप आहे का बघायला. का असेल ताप? काही कारण नव्हतं. तरी लावला. थोड्या वेळानं पुन्हा लावला. नवरा म्हणाला, "अगं, झोपू दे त्याला, तुझ्या हातानंच गरम होईल तो."

सकाळी तो खरंच गरम होता.

इथं माझी नास्तिकता संपते. तिचं आयुष्य दुपार ते सकाळ. मी मुलाला सासूबाईंच्या मांडीवर दिलं, डॉक्टरांकडून औषध आणते म्हणून निघाले, आणि आधी न्हाव्याकडे गेले. तो दुकान उघडत होता.

"भैया, कल मेरे लड़के के बाल काटे थे ना, वो चाहिए."

त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. "वापस लगवाओगी क्या?"

"कहाँ हैं?"

त्यानं मागच्या कोपऱ्यातला बोरा, म्हणजे केसांचं पोतं, दाखवला. "सबके उसी में हैं. आपका कौन-सा है, आप पहचान लो."

मी बोऱ्यात हात घातला. मऊ लागतील ते मुलाचे, असं शास्त्र लावलं आणि एक मूठ वर्तमानपत्राच्या कागदात बांधली. मग दवाखान्यात गेले. औषधाची बाटली एका हातात, केसांची पुडी दुसऱ्या हातात, अशी घरी आले. औषध पाजलं आणि पुडी सासूबाईंना दिली. म्हटलं, "आत्याबाई, आणले केस." त्यांनी पुडी कपाळाला लावली आणि चहा मागितला. काल दुपारपासून त्यांनी काही मागितलं नव्हतं.

दुपारी ताप उतरला. झटका आला नाही.

शाळेत मी मुलांना शिकवायचे की प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर काय कशामुळे झालं ते कळत नाही. मी दोन्ही गोष्टी एकाच वेळी घरात आणल्या होत्या. प्रयोग बाद. त्या दिवशी कळायचं राहिलं ते अजून कळलेलं नाही. तो मुलगा म्हणजे आमच्या नातीचा बाप. आज त्याला लख्ख टक्कल आहे आणि त्याच्या बापाच्या डोक्यावर या वयातही जंगल आहे. त्याबद्दलही मी काही बोलत नाही.

मुलगा बरा झाल्यावर आम्ही तिघं किरनापूरच्या बसनं गेलो, पुढे पायी. कडुनिंबाखाली सासूबाईंनी जागा झाडली, शेंदूर लावला, दिवा लावला. मुलाला समोर उभं केलं. मग पुडी उघडली.

उन्हात मी पहिल्यांदाच ते केस नीट पाहिले. काही काळे होते. काही पांढरे होते. आणि बरेचसे मेंदी लावून लालभडक झालेले होते. माझा मुलगा तेव्हा शाळेतही जात नव्हता.

पळून जायला जागा नव्हती, सगळीकडे धानाचे बांध. सासूबाईंनी एक लाल केस चिमटीत धरून उजेडाकडे नेला. मी खाली बघत राहिले. मला वाटलं, आता त्या रडतील. दिलेला शब्द मी दुसऱ्यांदा मोडला होता, तोही त्यांच्याच हातानं. त्यांनी केस पुडीत परत ठेवला, पुडी दगडाच्या पायाशी ठेवली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या:

"मातामाय असन, त तिले समजलंच असन हे केस कोनाचे हायेत. अन् नसन, त मले त समजलं ना. फोड आता नारळ, पोट्टं उन्हात उभं हाय."